रिकामे ताट परत देऊ नये



डिसेंबर महिना लागला की आपल्या घरात दोन तारखा बोलल्या जातात. पहिली ६ डिसेंबर. त्या दिवशी आपण लहानथोर सारे बाबासाहेबांना अभिवादन करण्यासाठी बाहेर पडतो. दुसरी तारीख २५ डिसेंबर. हा सण आपला नव्हे, पण आपली मुले तो शाळेतून, दुकानांच्या काचांतून आणि शेजारच्या दारावर टांगलेल्या कागदी चांदणीतून घरी घेऊन येतात. मग एखाद्या संध्याकाळी भाकरी थापताना मागून प्रश्न येतो, "आई, सांताक्लॉज आपल्याकडे का येत नाही?"

आमच्याही घरात हा प्रश्न आला होता. उत्तर काय द्यावे याचा आम्ही विचार करीत होतो, तेवढ्यात एका वर्षी सांताक्लॉज खरोखरच आमच्या वस्तीत आला. तो कसा आला आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते आज सांगतो. मुलांना देण्याचा आनंद कसा शिकवावा, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात घर करून बसला आहे.

नाताळला चार दिवस होते. एका संस्थेची गाडी नाक्यावर येऊन थांबली. लाल कपडे आणि कापसाची दाढी लावलेला एक माणूस उतरला. त्याच्यामागून खोकी उतरली. वस्तीतल्या मुलांना रांगेत उभे केले गेले. एकेका मुलाने पुढे यायचे, रंगीत कागदात बांधलेले पुडके घ्यायचे, फोटो काढून घ्यायचा आणि बाजूला व्हायचे. आमची धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. तिचा फोटो नीट आला नाही म्हणून पुडके तिच्या हातातून परत घेतले, पुन्हा दिले आणि "हस" म्हणून सांगितले. ती हसली.

घरी येऊन तिने कागद सोडला. आत कोणाच्या तरी घरातली जुनी मोटार होती. तिला एक चाक नव्हते. पोरीने ती मोटार उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, "आई, आपण गरीब आहोत म्हणून दिली का?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. त्या मंडळींचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी आपला वेळ खर्च केला, पैसा खर्च केला. पण सहा वर्षांच्या मुलीला जे कळले, ते त्यांच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही. तिला वस्तू मिळाली, आणि त्याच वेळी तिची जागाही दाखवली गेली.

त्यानंतर चारच दिवसांनी, नाताळच्या दिवशी सकाळी, शेजारच्या ख्रिस्ती आंटी आमच्या दारात आल्या. हातात ताट आणि ताटावर दोऱ्याने विणलेला पांढरा रुमाल. आत केकचे तुकडे, नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच, आणि शंखासारखे वळलेले गोड कुलकुल. आंटी वर्षानुवर्षे हे ताट देतात. गोव्याकडे या ताटाला 'कोन्सुआद' म्हणतात. तिथे नाताळात ते शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाते. शेजारी कोणत्या धर्माचा, हे ताट विचारत नाही. दिवाळीला, चवथीला दुसऱ्या घराकडून ताट येते. मुंबईच्या चाळींतूनही हे असेच चालत आले आहे.

आता आपल्याकडे शेजारणीचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. आपल्या आयाआज्यांनी हे आपल्याला शिकवले आहे. काही नसले तर चिमूटभर साखर तरी त्यात घालायची. आम्ही साखरेचा डबा काढला, तर धाकटी म्हणाली, "थांब, मी देते." शाळेच्या सहलीला गेली असताना तिने चिक्की आणली होती. अर्धी खाल्ली होती आणि अर्धी कागदात गुंडाळून फळीवर ठेवली होती. रोज ती कागद उघडून बघायची आणि पुन्हा ठेवायची. ती अर्धी चिक्की तिने ताटात ठेवली आणि ताट दोन्ही हातांनी धरून आंटींच्या दारात गेली.

आंटींनी ताट घेतले, चिक्की उचलली, तिचे दोन तुकडे केले. एक स्वतः तोंडात टाकला आणि एक तिच्या हातावर ठेवला. म्हणाल्या, "फार छान आहे गं." पोर घरी आली ती उड्या मारीत. चार दिवसांपूर्वी मोटार घेऊन आलेली ती हीच मुलगी.

बंधू-भगिनींनो, आम्हाला जे सांगायचे ते एवढेच आहे. ज्या देण्यात घेणाऱ्यालाही काही देता येते, त्या देण्यात आनंद असतो. ताट जाते आणि ताट परत येते. रांगेतले पुडके एकाच बाजूने येते आणि तिथेच संपते. मुलांना देणे शिकवायचे असेल तर ते ताटाचे शिकवावे, रांगेचे शिकवू नये.

नाताळचा खरा अर्थही हाच आहे, हे सांताक्लॉजच्या मुळाशी गेले की दिसते. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानात मायरा नावाच्या गावी निकोलस नावाचे बिशप होऊन गेले. त्यांची एक आख्यायिका सांगतात. एका गरीब बापाला तीन मुली होत्या. हुंड्याला पैसा नव्हता, म्हणून लग्ने होत नव्हती आणि मुलींचे भविष्य अंधारात होते. निकोलसांनी रात्रीच्या वेळी, कोणी पाहणार नाही अशा बेताने, खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. अशा तीन थैल्या टाकल्या आणि तिन्ही मुलींची लग्ने झाली. युरोपातल्या लोकांनी या निकोलसांना मुलांचे कैवारी मानले. हॉलंडमध्ये त्यांना 'सिंटरक्लास' म्हणतात. तेच नाव अमेरिकेत जाऊन 'सांताक्लॉज' झाले.

हुंड्याच्या चालीचे समर्थन आम्ही करणार नाही. पण या गोष्टीतील एक बारकावा मुलांना जरूर सांगावा. निकोलस रात्री का गेले? दिवसा दार ठोठावून, चार माणसे जमवून थैली देता आली नसती का? आली असती. पण मग त्या बापाची मान गावात कायमची खाली गेली असती. निकोलसांनी सोने दिले आणि त्या घराची अब्रूही राखली. सांताक्लॉज रात्री, मुले झोपल्यावर येतो असे सांगतात, त्याचे मूळ या गोष्टीत सापडते. फोटो काढणाऱ्या सांताक्लॉजला ते ठाऊक नव्हते.

आणखी एक योगायोग. या संत निकोलसांचा स्मृतिदिन ६ डिसेंबर हा आहे. जर्मनीतली मुले ५ डिसेंबरच्या रात्री आपले बूट दाराशी ठेवतात आणि सकाळी त्यांत खाऊ सापडतो. आपण त्याच तारखेला दुसऱ्या कारणाने जागे असतो. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण मुलांना तारखा लक्षात ठेवायला आवडतात, म्हणून सांगितले.

घेणाऱ्याच्या मानाविषयी आम्ही एवढे का बोलतो, हे आपल्या समाजाला समजावून सांगायला नको. गावगाड्यात आपल्या पूर्वजांच्या पदरात वरून टाकलेला तुकडा पडत असे. टाकणारा त्याला दानधर्म म्हणे आणि पुण्य जोडल्याच्या आनंदात घरी जाई. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आजोबा-पणजोबांना बजावले की मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, उष्ट्या-शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका, स्वाभिमानाने जगा. त्या दिवशी कित्येक घरांतले पोट अर्धे रिकामे झाले असेल, पण मान वर झाली. त्या मातीतली आपली मुले आहेत. त्यांना आपण देणे शिकवणार, ते त्या तुकडे टाकणाऱ्यासारखे देणे असता कामा नये.

याच संदर्भात मुलांना आणखी एक फरक समजावून द्यावा. शिष्यवृत्ती, रेशन, शाळेतले दुपारचे जेवण हे दान नव्हे. तो हक्क आहे. हक्काचे घेताना मान खाली घालायची नसते आणि कोणी उपकार केले असेही मानायचे नसते. दान ही वेगळी गोष्ट आहे. ते माणूस माणसाला आपखुशीने देतो.

मानाने दिलेली भेट काय करू शकते, याचे उदाहरण आपल्याच घरातले आहे. विद्यार्थी भीमरावाच्या परीक्षेतील यशाबद्दल सत्काराची सभा झाली, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. गुरुजींना त्या मुलाची वाचनाची आवड माहीत होती. त्यांनी त्याची कीव केली नाही, त्याचा गौरव केला, आणि दिले तेही स्वतःच्या कष्टाचे. त्या पुस्तकाने लावलेली ओढ पुढे १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत गेली. ज्याने दिले त्याचा हात वर नव्हता आणि ज्याने घेतले त्याचा हात खाली नव्हता.

काही भगिनी विचारतील, लहान लेकरांना एवढे कळते का? दोन-तीन वर्षांचे मूल तर "माझे, माझे" म्हणून सगळे ओढून घेते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली याबाबतचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन वर्षांच्या आतील मुलांसमोर माकडाचे एक बाहुले ठेवले. मुलांना खाऊ दिला. मग कधी खाऊ मिळताना, कधी सापडलेला खाऊ बाहुल्याला देताना, तर कधी स्वतःच्या वाटणीचा खाऊ देताना त्यांचे चेहरे कसे होतात ते टिपले. मिळताना मुले हसली, पण देताना अधिक हसली, आणि सर्वांत अधिक हसली ती स्वतःच्या वाटणीतले देताना. अर्ध्या चिक्कीचा आनंद त्या प्रयोगात असा सापडला.

दुसरा प्रयोग जर्मनीतील लाइपझिगचा, २००८ सालचा. वीस महिन्यांच्या आसपासची मुले खाली पडलेली वस्तू मोठ्यांना आपणहून उचलून देत होती. काही मुलांना त्याबद्दल बक्षीस दिले, काहींना नुसती शाबासकी, काहींना काहीच नाही. बक्षीस मिळालेली मुले पुढे मदत करायला कमी पुढे आली. शाबासकीने मात्र असे नुकसान झाले नाही. म्हणजे "ताईला अर्धे दे, मग तुला चॉकलेट देईन" असे आपण म्हणतो, तेव्हा देण्याचा आनंद आपणच काढून घेतो आणि तिथे मजुरी ठेवतो.

हे सारे ध्यानात घेऊन आमच्या घरात आम्ही काही गोष्टी ठरवल्या. त्या तुमच्या उपयोगी पडाव्यात म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, मुलाने स्वतःचे द्यावे. आईबापांनी विकत आणून मुलाच्या हातून देववले, तर ते आईबापांचे देणे झाले. मुलाकडे दोन पेन्सिली असतील तर कोणती द्यायची हे त्यालाच ठरवू द्या. त्याने छोटी निवडली तरी रागावू नका. पुढच्या वेळी तो मोठी देईल. आणि त्याला मुळीच द्यायचे नसेल तर हिसकावून देऊ नका. हिसकावलेले दान नसते.

दुसरी गोष्ट, जे आपण स्वतः वापरणार नाही ते दुसऱ्याला देऊ नये. फाटका सदरा असेल तर आधी शिवा, धुवा, मग द्या. त्या तीन चाकांच्या मोटारीला आमच्या थोरल्याने बाटलीच्या बुचाचे चौथे चाक बसवले. गाडी चालू लागली. मग धाकटीने ती शेजारच्या दोन वर्षांच्या बाळाला दिली आणि त्याच्याबरोबर जमिनीवर बसून तासभर खेळली. मोटार तीच होती. फरक पडला तो दुरुस्त करण्याच्या कष्टाने आणि सोबत बसण्याने.

तिसरी गोष्ट, देताना मूल समोर असावे, वर नसावे. शक्य असेल तेव्हा ज्याला द्यायचे त्याचे नाव माहीत असावे. नाव माहीत नसेल तर आधी विचारावे. आणि फोटो काढू नये.

चौथी गोष्ट, बढाई नको. येशू ख्रिस्तांनीही आपल्या अनुयायांना दान करताना गाजावाजा करू नका असे सांगितले आहे. बऱ्याच ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत एक चांगली रीत पाळतात. मुलाने एखादे चांगले काम केले की गव्हाणीत गवताची एक काडी ठेवायची. नाताळपर्यंत बाळ येशूसाठी मऊ अंथरूण तयार होते. कोणती काडी कोणाची हे कोणाला कळत नाही. आपल्या घरात गव्हाणी नसली तरी ही कल्पना घेण्यासारखी आहे. आम्ही एका बरणीत शेंगदाणे टाकतो. आठवड्याच्या शेवटी बरणी ओतली की सगळे मिळून खातात, ज्याने एकही दाणा टाकला नाही तोसुद्धा.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड. मुलांना घ्यायलाही शिकवा. कोणी प्रेमाने काही दिले तर ताठपणे नाकारू नये. दोन्ही हातांनी घ्यावे, चाखावे, चांगले म्हणावे. आंटींनी ती चिक्की "राहू दे बाळ, तूच खा" असे म्हणून परत केली असती तर? आपण मोठी माणसे नेमके हेच करतो. मूल आपल्या ताटात आपला घास ठेवते आणि आपण कौतुकाने तो परत त्याच्या तोंडात घालतो. तो घास खावा. मुलाचे दान स्वीकारणे ही आईबापांनी त्याला दिलेली मोठी देणगी आहे.

कोणी म्हणेल, आपण बौद्ध, मग नाताळचे धडे कशाला? बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दहा पारमिता पाळण्याची प्रतिज्ञा आहे आणि दान ही त्या पारमितांपैकी एक आहे. तेव्हा देणे आपण बाहेरून आणतो आहोत असे नाही. सम्राट अशोकाची कथा आपल्या ग्रंथांत आहे. आयुष्याच्या अखेरीस सत्ता हातातून गेली आणि त्याच्यापाशी अर्धा आवळा तेवढा उरला. तोही त्याने भिक्खुसंघाला पाठवून दिला. संघाने तो परत केला नाही, सर्वांना त्याचा अंश मिळावा अशा रीतीने वाटून घेतला. ही गोष्ट सांगितली तेव्हा आमची धाकटी म्हणाली, "म्हणजे माझ्या चिक्कीसारखंच." आम्ही हो म्हणालो.

आपला सण नसला तरी शेजारी आपला आहे. त्याच्या सणाला त्याचे ताट आपल्या दारात येते, आपल्या बुद्धपौर्णिमेची खीर त्याच्या दारात जाते. यात कोणाचा धर्म बुडत नाही. मुलांना दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानता येतो, यालाच आपण मुदिता म्हणतो.

डिसेंबर महिना या शिकवणीला फार सोयीचा आहे. अलीकडच्या वर्षांत ६ डिसेंबरला फुले आणि मेणबत्त्यांऐवजी 'एक वही, एक पेन' आणा असे आवाहन केले जाते, आणि ते साहित्य गरजू विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवले जाते. मुलाला खाऊच्या पैशांतून ती वही स्वतः निवडू द्या. त्या वहीवर कोण लिहील, काय लिहील, याच्या गप्पा मारीत घरी या. मग २५ तारखेला शेजारच्या दारावर चांदणी लागली की त्याच मुलाच्या हातात ताट द्या. ताटात काय ठेवायचे ते त्याला ठरवू द्या.

आमच्या घरात आता नाताळच्या आदल्या दिवशी शेंगदाण्याचे लाडू वळतात. धाकटीचे लाडू कधी चपटे, कधी लिंबाएवढे होतात. आंटींचे ताट येईपर्यंत तिला दम निघत नाही. मागच्या खेपेला तर ती आंटींच्या आधीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. आंटी म्हणाल्या, "अगं, यंदा माझंच ताट रिकामं परत यायची पाळी!"

सांताक्लॉज आपल्याकडे का येत नाही, असे तिने पुन्हा विचारलेले नाही.

पुढच्या अंकी भेटूच. जय भीम!